वैनगंगेपासून गोदावरीपर्यंत : मार्चमधली गडचिरोली

गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला की आधी नद्या दिसतात. पश्चिमेची हद्द वैनगंगेने आखली आहे. चपराळ्याजवळ तिला वर्धा येऊन मिळते आणि तिथून पुढे प्राणहिता या नावाने तोच प्रवाह तेलंगणाची सीमा धरून सिरोंच्यापर्यंत उतरतो. दक्षिणेला गोदावरी, आग्नेयेला इंद्रावती. आतल्या भागात खोब्रागडी, कठाणी, दिना, बांडिया, पर्लकोटा, पामुलगौतम अशा कितीतरी. यातलं सगळं पाणी शेवटी गोदावरीतच जातं.

मी साताऱ्याकडच्या शाळेत भूगोल शिकवते. पाठ्यपुस्तकात हा जिल्हा भात, जंगल आणि लोहखनिज एवढ्यावर आटोपतो, वर्तमानपत्रात तो चकमकीच्या बातमीतच येतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला, १४,४१२ चौरस किलोमीटरचा, बारा तालुक्यांचा आणि तीन चतुर्थांश जंगलाचा हा प्रदेश. २०११च्या जनगणनेत इथे दर चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसं होती. एवढ्या मोठ्या भूभागाबद्दल आपल्याला इतकं कमी ठाऊक असावं, याचं मला फार वर्षं वाईट वाटत होतं. म्हणून नद्यांच्या कडेकडेने उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं ठरवलं. नागपूरची माझी मावसबहीण सोबत होती आणि गाडीही तिचीच. मार्चचा शेवटचा पंधरवडा मुद्दाम निवडला होता, मोहफुलांसाठी.

शुक्रवार : आरमोरीमार्गे गडचिरोली

नागपूर, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की जिल्हा सुरू होतो. पुलावर थांबलो. पात्र डोळ्यात मावत नाही एवढं रुंद, त्यात वाळूच वाळू आणि पलीकडच्या काठाला धरून वाहणारी निळसर धार. वाळूत कलिंगडाचे वेल पसरले होते, राखणीला पळसाच्या डहाळ्यांची झोपडी होती.

सातारकर डोळ्यांना इथे पहिला फरक जमिनीचाच जाणवतो. आमच्याकडचा काळा बेसाल्ट इथवर येतच नाही. हा सगळा फार जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांचा प्रदेश, त्यावर पिवळसर, लालसर माती. त्या मातीत बांध घालून केलेल्या धानाच्या बांध्या क्षितिजापर्यंत एकाला एक लागून गेलेल्या. कापणी कधीच झाली होती. काही बांध्यांत लाखोळीचा काड उरला होता आणि तलावाखालच्या शेतांत उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं. हे तलाव म्हणजे मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, ‘माजी मालगुजारी’ म्हणून लोकांच्या बोलण्यात ‘मामा तलाव’. उतार ओळखून मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि बांधीतून बांधीत सोडायचं. पाऊस वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या वर पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. तो धरून ठेवायची ही रीत या भागाने फार पूर्वीच बसवली आहे.

आरमोरीला कोसा बघायला उतरलो. ऐनाच्या झाडावर वाढणारी अळी आणि तिचा करडा, सुपारीएवढा कोष. विणकराच्या घरी बाईंनी उकळलेल्या कोषातून धागा काढून दाखवला. बोटांना तो दिसण्याआधी लागतो इतका बारीक. “शहरातले लोक भाव विचारतात जी, झाड कोणतं ते कोणी नाही विचारत,” त्या म्हणाल्या. मी झाड विचारलं होतं, त्यामुळे चहा मिळाला.

रात्री गडचिरोलीत एका घरगुती खानावळीत भात, लाखोळीचं वरण, वांगं-झिंगे आणि अंबाडीची भाजी. पोळी मागावी लागते, भात आपोआप वाढतात.

येणाऱ्यांसाठी: जिल्ह्यातलं चालू रेल्वे स्थानक वडसा (देसाईगंज) एवढंच. गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावर ते जिल्ह्याच्या वायव्य टोकाला आहे. बाकी सगळं एसटीवर किंवा स्वतःच्या गाडीवर. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंत रस्त्याने तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं, हे लक्षात ठेवूनच दिवस ठरवा.

शनिवार : मेंढा (लेखा) आणि कठाणी

धानोऱ्याच्या रस्त्यावर मेंढा हे गोंडांचं छोटं गाव आहे. सामूहिक वनहक्काचा दावा मान्य झालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलणं चालू राहतं.

हे वाचून माहीत होतं. जंगलात नेणाऱ्या काकांनी ते दाखवलं. बांबूच्या प्रत्येक रांजीपाशी, म्हणजे बेटापाशी, ते थांबत. यंदाचे कोंब कुठले, गेल्या सालचे कुठले, तोडायचे कोणते आणि कोणत्या कांडीच्या वर, हे बोटाने दाखवत. मधल्या बांबूंना हात लावायचा नाही, कारण तेच रांजीला उभं धरतात. पुढे जाळरेषा होती. पाचोळा ओढून साफ केलेला पाच-सहा पावलं रुंद पट्टा, टेकडीवरून खाली आलेला. मार्चमध्ये या जंगलाला सगळ्यात मोठी भीती आगीची.

कठाणीत घोट्याएवढं पाणी होतं. काठावर कुसुमाच्या झाडांना नवी पालवी फुटली होती, लालभडक, आणि तिच्यामागे सगळं रान करडं. पळस सरत आला होता. काका पाण्यात पाय सोडून बसले आणि हत्तींचं सांगू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्याच्या उत्तर भागात उतरला आणि पुढे याच भागात फिरत राहिला. “धानाचे पुंजणे उधळतात, घरं पाडतात. पण त्यांचीही वाट हीच आहे ना?” एवढं बोलून ते गप्प झाले. वाघांचा वावरही या भागात वाढला आहे आणि माणसं दगावली आहेत. ज्याचं पीक गेलं आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला जंगल वाचवा म्हणून सांगायला आपण कोण, हा प्रश्न मला त्या दिवसभर सोडत नव्हता. भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळाली पाहिजे, ही त्यातली किमान गोष्ट.

एक गोष्ट इथे पहिल्यांदा ऐकली आणि पुढे सिरोंच्यापर्यंत ती कानावर येत राहिली. ऐंशीच्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं आखली होती. दक्षिण गडचिरोलीचं मोठं जंगल आणि कित्येक गावं त्यात बुडणार होती. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात होते आणि मेंढ्याची माणसंही. धरणं झाली नाहीत. आम्ही पुढे जे पाहणार होतो त्यातलं बरंचसं त्या लोकांमुळे शिल्लक आहे.

रविवार : मार्कंडा, चपराळा, आलापल्ली

चामोर्शीजवळ मार्कंड्याला वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून ती उत्तरवाहिनी आणि म्हणून तीर्थ. काठावर कोरीव देवळांचा समूह आहे. महाशिवरात्रीची जत्रा नुकतीच आटोपली होती. आम्ही भल्या सकाळी पोहोचलो तेव्हा वाळूत फक्त ढिवरांच्या नावा आणि जाळी निवडणारे दोघं होते. रात्रीतून मिळालेली मासोळी टोपलीत फडफडत होती. देवळाच्या भिंतीवरच्या शिल्पांना उन्हाची तिरीप लागली की चेहरे उजळतात, म्हणून सकाळचीच वेळ धरा.

चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. रस्त्यालगत एकदम केळीची खुंटं, अंगणात मासळीचं डबकं, कुंपणाला शेवगा. एका टपरीवर रसगुल्ले मिळाले. दुकानदार आजोबा मराठी बोलत होते आणि त्यांचा नातू बंगाली, मराठी आणि थोडी गोंडीसुद्धा. “नदीच्या देशातून आलो, नदीच्याच देशात बसवलं,” आजोबा म्हणाले.

आष्टीहून चपराळ्याला गेलो. १३४ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८६चं. तिथे वर्धा आणि वैनगंगा भेटतात. संगम बघायला म्हणून थोडा वेळ थांबणार होतो, दुपार तिथेच गेली. वर्धा काळ्या मातीच्या कापूसपट्ट्यातून येते, वैनगंगा धानाच्या मुलखातून. मार्चमध्ये दोन्ही संथ असतात आणि वाळूच्या दांड्याच्या टोकाशी पाणी एकमेकांत शिरताना दिसतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ‘उपनदी’ आणि ‘संगम’ फळ्यावर काढून दाखवते, पण तिथे उभं राहून कळलं की पाणी मिळायला बराच वेळ घेतं.

आष्टी ते आलापल्ली हा रस्ता सगळ्या प्रवासात सर्वांत त्रासाचा. लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक, धुळीने झाडांची पानं तांबडी आणि खड्डे. दुचाकीवाल्यांनी इथे फार जपून जावं. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांच्या चुलीवरच्या भांड्यांतही ती धूळ जाते, हे एका चहाच्या टपरीवर बसल्यावर दिसलं. लोखंड सगळ्यांनाच हवं आहे, तेव्हा निदान या लोकांना धड रस्ता आणि स्वच्छ हवा तरी मिळावी.

आलापल्लीत मुक्काम. पेट्रोल इथेच भरून घ्या. रोख पैसेही इथेच काढा, पुढे एटीएम असलं तरी चालू असेलच असं नाही.

सोमवार : वनवैभव, हेमलकसा, भामरागड

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला सोळाएक किलोमीटरवर ‘वनवैभव’ आहे. फक्त सहा हेक्टरचा तुकडा, १९५३ पासून कुऱ्हाड न लागलेला. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं ते पहिलंच. मार्चमध्ये सागाला पान नसतं, त्यामुळे बुंधेच बुंधे दिसतात. एकाला आम्ही दोघींनी हात पसरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला, बोटं भेटली नाहीत. मान मागे टाकून शेंड्याकडे पाहिलं की सरळपणा कळतो. पहिली फांदी कुठे फुटली आहे ते शोधावं लागतं. खाली पडलेल्या खोडांना कोणी उचललेलं नव्हतं. त्यांच्यावर वाळवीची वारुळं, भेगांतून वर आलेली रोपं आणि एका ढोलीत मधमाश्या. साग, ऐन, बिजा, धावडा, खाली बांबू आणि वेली. लागवडीचा साग आपण खूप पाहतो, रांगेत उभा. त्याच्या शेजारी हे एकदा बघायलाच हवं. सगळा दक्षिण गडचिरोली एके काळी असा असणार.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. आदिवासींच्या आरोग्य-शिक्षणासाठी २३ डिसेंबर १९७३ पासून चालू असलेलं हे काम आहे. दवाखान्याच्या ओसरीवर चार-चार तास चालून आलेली माणसं बसलेली पाहिली आणि बाकीचं बोलणं थांबलं. जाणार असाल तर आधी कळवून जा. ती काम चालणारी जागा आहे, सहलीची नव्हे.

दुपारी भामरागड. पर्लकोटेवरचा जुना बुटका पूल ओलांडून गाव लागतं. शेजारी उंच पुलाचं काम चालू होतं. आमचा मुक्काम आश्रमशाळेतल्या एका शिक्षकांच्या घरी होता. त्यांनी आल्या आल्या बाजारात नेलं आणि दुकानांच्या भिंतींवर पुराच्या खुणा दाखवल्या. माझ्या खांद्याच्या वर. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथे जवळजवळ एकत्र येतात. ओडिशातून निघालेली इंद्रावती बस्तरचं पाणी घेऊन येते. तिला पूर असला की पर्लकोटेचं पाणी पुढे जाऊ शकत नाही, ते मागे दाबून राहतं आणि गावात शिरतं. इथे पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो, तो यामुळे. पावसाळ्यात शंभरावर गावांचा संपर्क तुटतो.

“मॅडम, आमच्याकडे जूनच्या आत चार महिन्यांचं मीठ-तांदूळ भरून ठेवायचं असतं. बाळंतीण असेल तर तिला आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवायचं,” सर म्हणाले. भूगोलाचा याहून चांगला तास मी घेतलेला नाही.

संध्याकाळी संगमावर गेलो. पलीकडचा काठ छत्तीसगड. लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेल्या होडीतून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन इकडे उतरली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागली. राज्याची हद्द तिने उभ्यानेच ओलांडली होती.

जेवायला भात, उडदाची डाळ आणि लाल मुंग्यांची चटणी. ओल्या मिरच्यांबरोबर पाट्यावर वाटलेली, लिंबापेक्षा वेगळ्या आंबटपणाची. मी तीनदा घेतली.

रात्री नऊच्या सुमारास वारा सुटला, विजा कडाडल्या आणि टपोरे थेंब आले, पाठोपाठ गारा. सर बॅटरी घेऊन धावत बाहेर गेले. शेजारच्या अंगणांतून आरडाओरडा ऐकू येत होता. वाळत घातलेली मोहफुलं गोळा करायची धांदल होती. भिजलेला मोह काळा पडतो, त्याला बुरशी येते आणि व्यापारी तो मातीमोल भावात मागतो. आम्हीही ताडपत्रीचं एक टोक धरून उभ्या राहिलो. अर्ध्या तासात सगळं शांत झालं, पण बरीच फुलं भिजली होती. कोणी रडारड केली नाही. एका आजीने चिंब फुलं सुपात घेऊन नुसती वरखाली केली आणि आत गेली.

मंगळवार : मोहाखाली

पहाटे साडेचारला सरांच्या विद्यार्थिनीबरोबर, तिच्या आजीच्या झाडाखाली. मोहाची झाडं घराघराने ठरलेली असतात, कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली जात नाही. वादळाने अर्धी फुलं रात्रीच पाडली होती, पण झाड अजून देत होतं. अंधारात काही दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. टप. थोड्या वेळाने पुन्हा टप. मग दोन-तीन एकदम. वास दाट, गोड आणि किंचित आंबूस.

उजाडलं तसं दिसू लागलं. फूल म्हणजे बोराएवढा, मऊ, मांसल, पोकळ गोळा, दुधाळ पिवळा, वरच्या टोकाला भोक. पाकळ्या वेगळ्या काढता येत नाहीत. आजीने एक माझ्या तळहातावर ठेवलं आणि माडिया भाषेत काहीतरी म्हणाली. “खाऊन बघ म्हणते,” नात म्हणाली. चावलं की रस तोंडभर होतो. आधी नुसता गोडवा, मग घशाशी हलकी झणझण. आजीची बोटं जमिनीवरून फूल उचलताना माती उचलत नव्हती. माझ्या टोपलीत पाचोळाच जास्त.

फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि रानातल्या बऱ्याच आगी तिथूनच पसरतात. आजीच्या झाडाखाली मात्र राख नव्हती. नातीने सांगितलं की पाचोळा त्या झाडूने ओढून बाजूला करतात, शाळेत सरांनी सांगितल्यापासून. काही गावांत झाडाखाली जाळी बांधू लागले आहेत. मला वाटतं, ती जाळी मोह वेचणाऱ्या प्रत्येक घराला मिळावी. जंगल वाचवायला याहून स्वस्त उपाय दुसरा क्वचितच असेल.

वाळलेली फुलं मनुकांसारखी तपकिरी होतात. त्यांची दारू सगळ्यांना माहीत असते, पण ती भाजून, कुटून, तिळाबरोबर लाडूही करतात आणि धान्य सरल्यावर शिजवून खातात. पुढे जून-जुलैत याच झाडाच्या बियांचं तेल. मे महिन्यात तेंदूपत्ता. या घरांचं वर्ष असं एकेका झाडावरून पुढे जातं. निघताना आजीने ओंजळभर वाळला मोह पदरात घातला. पैसे द्यायचा विचारही मनात आणायची सोय तिने ठेवली नाही.

सूचना: या भागात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. ओळखपत्र जवळ ठेवा, नाक्यावर विचारलं तर सरळ उत्तर द्या. पोलीस ठाणी आणि सुरक्षा दलांच्या तळांचे फोटो काढू नका. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका, विशेषतः बायकांचे. राज्यात मलेरियाचे सर्वाधिक रुग्ण असणाऱ्या जिल्ह्यांपैकी हा एक, तेव्हा मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

बुधवार : कमलापूर, वडधम, सिरोंचा

आलापल्लीला परतून सिरोंच्याच्या रस्त्याला लागलो. आत वळून कमलापूरचा हत्ती कॅम्प. साठच्या दशकात लाकूड ओढायला आणलेल्या हत्तींची पुढची पिढी इथे आहे. राज्यातला वनविभागाचा हा एकमेव कॅम्प. रात्रभर रानात चरलेले हत्ती माहूत सकाळी परत आणतात. पाचोळ्यातून येणाऱ्या एवढ्या मोठ्या जनावराचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही. जानेवारीत दहाएक दिवस कॅम्प बंद असतो, तेव्हा हत्तींच्या पायांना औषधी लेप देतात. ते दिवस टाळा.

सिरोंच्याच्या अलीकडे वडधमचं जीवाश्म उद्यान. ज्या गोष्टीसाठी मी एवढ्या लांब आले असते, ती ही. जमिनीत आडवी पडलेली, दगड झालेली झाडं. सालीच्या रेषा दिसतात, गाठी दिसतात, आणि हात लावला की थंड दगड. ज्युरासिक काळातली ही लाकडं. आमच्या सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, ही झाडं त्याच्या दुपटीहून जुनी. प्राणहिता-गोदावरीचं हे खोरं गोंडवन काळापासूनचं खचदरीतलं खोरं आहे. नद्यांनी इथे गाळ आणून टाकला, त्यात झाडं पुरली गेली आणि डायनासोरही. याच तालुक्यातल्या पोचमपल्ली गावाजवळ १९६०च्या सुमारास मिळालेल्या हाडांवरून बारापासॉरस टागोराय हा लांब मानेचा डायनासोर ओळखला गेला, १९७५ मध्ये त्याला नाव मिळालं. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंच्याच्या मुलांना तो पाहायला हजाराहून जास्त किलोमीटर जावं लागू नये. निदान त्याची एक प्रतिकृती या तालुक्यात असायला हवी, असं मी मनापासून म्हणते.

सिरोंच्यात शिरलो तेव्हा पाट्या मराठी आणि बोलणं तेलुगू. खानावळीत पप्पू म्हणजे डाळ, चिंचेच्या कोळातला मासा, गोंगुऱ्याची चटणी. आपली अंबाडीच, पण इथे ती डोळ्यांतून पाणी काढते. एकोणिसाव्या शतकात काही वर्षं हे गाव अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. प्राणहितेच्या घाटावर संध्याकाळी गार वारा असतो. दुपारी उन्हात उभंही राहवत नव्हतं.

गुरुवार : मिरचीची शेतं आणि सोमनूर

सकाळी नदीकाठच्या शेतांत. गाळाची काळी जमीन, कापूस संपलेला, मिरची खुडून अंगणभर पसरलेली. एवढा लाल रंग मी एकत्र कधी पाहिला नव्हता. शिंकत शिंकतच बोलणं झालं. एका शेतकऱ्याने बांधावरून खालचं शेत दाखवलं. वाळू आणि वाहून आलेली झुडपं. २०१९ मध्ये पलीकडच्या तेलंगणाने बांधलेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचं काम पुरं झाल्यापासून फुगवट्याचं पाणी काठच्या शेतांत शिरू लागलं, २०२२च्या जुलैत महापूर आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांबच खचले. “पाणी त्यांना, वाळू आम्हाला,” तो म्हणाला. ज्या नदीने गाळ आणून जमीन दिली तिच्याबद्दल त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग होता तो मोबदल्यासाठी माराव्या लागलेल्या खेपांचा, आणि तो रास्तच आहे.

असरअल्लीमार्गे सोमनूर. रस्ता जिथे संपतो तिथून वाळूत उतरायचं. डावीकडून इंद्रावती येते, समोरून गोदावरी. महाराष्ट्र, तेलंगणा आणि छत्तीसगड एका नजरेत. इंद्रावतीच्या वरच्या काठाला कोलामार्क्याचं जंगल, राज्यातल्या शेवटच्या रानम्हशींचं. तिथे जायचा प्रयत्न करू नका, त्यांना माणसांपासून लांब राहू द्या. वाळूवर नदी टिटव्या ओरडत फिरत होत्या. आंध्रातल्या गावाहून आलेलं एक कुटुंब आंघोळ करत होतं. आम्हाला त्यांनी हाक मारून चिंचभात दिला.

पाण्यात उतरताना सांभाळा. वर वाळू घट्ट वाटते, पण धारेजवळ ती पायाखालून सरकते. खाण्यापिण्याचं सामान सिरोंच्यातूनच घेऊन निघा, सोमनूरला दुकान नाही म्हटलं तरी चालेल.

परतताना

ताईला, म्हणजे मावसबहिणीला, नागपूरला जायचं होतं, ती आलापल्लीमार्गे परत गेली. मी प्राणहितेवरच्या पुलावरून तेलंगणातल्या चेन्नूरमार्गे मंचेरियाल गाठलं. तिथून नागपूरकडे आणि हैदराबादकडे भरपूर रेल्वेगाड्या आहेत. दक्षिण गडचिरोली बघून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांना हा रस्ता सोयीचा पडतो. उलट दिशेनेही येता येईल: मंचेरियालला उतरून आधी सिरोंचा, मग वर आलापल्ली आणि भामरागड.

मोह बघायचा नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. धान कापणीला आलेलं असतं, नद्यांना पाणी असतं, रात्री गारठा पडतो आणि दिवाळीनंतर वडसा-आरमोरीकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. कोरची, टिपागड आणि भामरागडच्या पलीकडची गावं माझी राहिली आहेत. भामरागडच्या सरांनी नोव्हेंबरमध्ये बोलावलंय, पूर ओसरल्यावर रस्ते सुरू झाले की फोन करतो म्हणाले आहेत.